मजूर, सालदार आणि कामगार

अगदी एकाच अर्थाचे दोन शब्द भाषेत क्वचितच आढळतात. कष्टाची कामे करणाऱ्या माणसास आपण मजूर, हमाल, सालदार, कामगार, बिगारी अशा अनेक नावांनी संबोधतो व ती नावे एकमेकांच्या जागी सहज वापरतो. परंतु बारकाईने पाहिले असता त्यांपैकी बहुतेक नावांत श्रम आणि मोबदला यांचा एक निराळा करार दडलेला दिसतो.

'मजूर' हा शब्द फारसीतून आला. 'मुज्द' म्हणजे वेतन. ते घेणारा तो मजूर. 'हमाल' हा शब्द अरबी असून त्याचे मूळ ओझे वाहणे या अर्थाचे आहे. 'रोज' म्हणजे दिवस, पण आपल्याकडे "रोज किती?" असे कोणी विचारले म्हणजे तो प्रश्न दिवसाच्या मजुरीचा असतो. मौज अशी की, दूरच्या स्पॅनिश भाषेतही हेच घडले आहे. तेथे दिवसाच्या मजुरीस 'होर्नाल' म्हणतात व त्या शब्दाचे मूळही दिवस हेच आहे. रोजाने शेतावर राबणारा तो 'होर्नालेरो', कारखान्यात हाताने काम करणारा तो 'ओब्रेरो', आणि कोणतेही काम करणारा तो 'त्राबाहादोर'. साध्या अंगमेहनतीच्या मजुरास तेथे 'पेओन' म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी पाय आहे. पायी चालणारा शिपाई हा त्याचा जुना अर्थ. याच शब्दाचा पोर्तुगीज भाऊबंद हिंदुस्थानात येऊन कचेरीतील 'प्यून' झाला!

आता आपल्या हिवरखेडच्या शिवाराकडे वळू. निंदणास जाणारी बाई रोजाने जाते. दिवस मावळला की करार संपला. कापूस वेचणीत तर मजुरी वजनावर मिळते. सालदाराचे तसे नाही. गुढीपाडव्यास त्याचे साल ठरते, व पूर्वी पैशांबरोबर धान्य देण्याचीही रीत होती. पाऊस लांबला तरी त्याची भाकर बुडत नाही. मात्र मालकाचे शेत व गुरे सोडून त्यास मनास येईल तेव्हा जाता येत नाही. रोजंदारास मोकळीक आहे पण शाश्वती नाही. सालदारास शाश्वती आहे पण मोकळीक नाही. एवढा मोठा भेद या दोन शब्दांत आहे.

'कामगार' म्हटले की डोळ्यांपुढे गिरणी उभी राहते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी सुरू झाली. पुढे १९२८ साली गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. कामाचे तास, सुटी आणि संघटना हे सारे त्या शब्दामागे उभे आहे. शेतावरच्या मजुराच्या नावामागे तसे बळ फार थोडे आले.

सर्वांत कटू इतिहास 'बिगारी' या शब्दाचा आहे. बेगार म्हणजे मोबदल्याविना सक्तीने करून घेतलेले काम. आपला 'वेठ' हा शब्दही संस्कृत 'विष्टि'पासून आला असून त्याचा अर्थ तोच. १९५० च्या राज्यघटनेने तेविसाव्या अनुच्छेदात अशा बेगारीस मनाई केली व १९७६ साली वेठबिगारी नष्ट करण्याचा स्वतंत्र कायदा झाला. आज इमारतीवरचा बिगारी मजुरी घेतो; नाव मात्र जुन्या अन्यायाचेच राहिले आहे.

विद्यार्थिमित्रांनो, शाळेच्या अर्जात वडिलांचा अथवा आईचा व्यवसाय लिहिताना 'मजूर' किंवा 'सालदार' हा शब्द लिहावयाचा असेल, तर तो स्वच्छ अक्षरांत, न लाजता लिहा. त्या शब्दात घेतलेल्या श्रमांचा हिशेब आहे. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी दुसऱ्यास कामावर लावील, तेव्हा त्याने हे ध्यानात ठेवावे की, मजूर या शब्दाचा पहिला अर्थच वेतन हा आहे. ते बुडविणारा माणूस मजुरास पुन्हा बिगारी बनवितो.