मधुमेहपथ्यात शमीधान्याचे माप

अल्प-कर्बोदक आहार घेणारे अनेक मधुमेही रुग्ण पोळी-भात वर्ज्य करतात आणि वरण-उसळ मात्र मनसोक्त खातात. डाळ म्हणजे केवळ प्रथिने, हा समज त्यामागे असतो. वस्तुतः मूग वा हरभऱ्याच्या ३० ग्रॅम कोरड्या डाळीत प्रथिने ६ ते ७ ग्रॅम, तर कर्बोदके १५ ग्रॅमच्या आसपास असतात. तंतूंमुळे रक्तशर्करा सावकाश चढते, हा भाताहून तिचा विशेष. सुश्रुताचार्यांनी प्रमेहात चणक, आढकी, कुलत्थ, मुद्ग सांगितले. चरकाचार्यांनी मात्र माष निदानात गणला आहे. सबब उडदास मुगाचे माप लावू नये. आम्ही डाळ भाकरीच्या जोडीला नव्हे, तिच्या जागी, कोरडी मोजून देतो.

तत्पूर्वी रुग्ण ग्लिमेपिराइड वा इन्सुलिन घेतो काय, हे विचारणे अगत्याचे आहे. कर्बोदके एकाएकी घटली आणि औषधमात्रा तीच राहिली, तर शर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरते. घाम, कंप, भ्रम ही लक्षणे ‘पथ्य मानवले नाही’ म्हणून सोडून देऊ नयेत. औषधालयचालकांनीही चूर्ण देण्याआधी चालू गोळ्यांची चौकशी करावी व अशा रुग्णास चिकित्सकाकडे धाडावे. वृक्कविकार असल्यास वरील माप लागू नाही. तेथे प्रथिने व पोटॅशियम यांचा स्वतंत्र विचार करावा लागतो.