यूजनेट : धनी नसलेली चावडी

सन १९७९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनी योजिलेले यूजनेट १९८० पासून आजतागायत चालू आहे. अहेरीच्या चावडीवरील सूचनेची नक्कल आलापल्लीस, तेथून सिरोंच्यास जावी, आणि प्रत्येक चावडीने आपली प्रत निराळी जतन करावी, तसाच हा संगणकांतील प्रकार होय. एक चावडी जळाली तरी मजकूर इतरत्र राहतो. त्याच कारणास्तव एकदा धाडिलेले पत्र खात्रीने परत घेता येत नाही. सात-बारा, बँकेचा खातेक्रमांक वा आपला दूरध्वनी त्यात कदापि लिहू नये.

विषय नावावरूनच कळतो. ‘साय.ॲग्रिकल्चर.बीकीपिंग’ हा मधुमक्षिकापालनाचा समूह, ‘सोक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा मराठी मंडळींचा. पुष्कळ समूह आता ओस पडले आहेत, हे आधीच सांगितलेले बरे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने यूजनेटचे नवे लेखन घेणे बंद केले; तेथील जुने मात्र शोधून वाचता येते, व आमच्या मते खरा लाभ त्यातच आहे.

नवे वाचण्यास संगणकावर थंडरबर्ड ही आज्ञावली घ्यावी, इटर्नल सप्टेंबर या केंद्रात विनामूल्य नाव नोंदवावे, आणि त्या केंद्राचे नाव व आपला परवलीचा शब्द थंडरबर्डमध्ये भरून हवे ते समूह निवडावेत. आठ-पंधरा दिवस नुसते वाचावे, मग लिहावे. धानाच्या करप्यावर तेथे कोणी औषध सुचविल्यास फवारणीपूर्वी सिंदेवाहीच्या कृषि संशोधन केंद्रास विचारावे. सांगणारा सज्जन असेल, परंतु त्याने आपली झाडीपट्टी पाहिलेली नसते.