तासगावचा बेदाणा, दिल्लीची वाट आणि केबिनमधलं सामान

सांगली-तासगावातून बेदाणा किंवा हळद भरून उत्तरेकडं निघणाऱ्या ड्रायव्हर मंडळींसाठी ही पोस्ट.

पाना-जॅक सगळेच नेतात, पण चाकाखाली लावायचे दोन जाड लाकडी ठोकळे घ्याच. पुण्याहून परत येताना खंबाटकीचा घाट चढावाच लागतो (बोगदा साताऱ्याकडून पुण्याला जाणाऱ्यांसाठी), आणि भरलेली गाडी चढावर बंद पडली तर नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नये. रस्त्यातले दगड लावून काम भागवतात आणि मग ते तिथंच सोडून जातात, ते तर फारच वाईट!

कागदात ई-वे बिलाची मुदत आधी बघा. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. गाडी रखडली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतर आठ तासांपर्यंत वाढवता येते. आरसी, लायसन डिजिलॉकरमध्येही ठेवा. हायवेवर मदतीला १०३३.

खाण्याचं म्हणाल तर घरची शेंगदाण्याची चटणी, दुधातल्या दशम्या, गुळाचा खडा. खर्डा कोरडा परतून, तेल जरा जास्त घालून भरला तर टिकतो. ओलसर राहिला की दुसऱ्याच दिवशी वास मारतो. ढाब्यावर नुसती डाळ मागवली तरी जेवण होतं. गॅसची शेगडी मात्र बंद केबिनमध्ये पेटवू नका.

जानेवारीत जाणार असाल तर जाड रग हवाच. तिकडची थंडी आणि धुकं आपल्या महाबळेश्वरला लाजवतं. धुक्यात उभं राहायची वेळ आली तर चमकणारा त्रिकोण गाडीच्या बराच मागं ठेवा.