मुलांनाही दाखवा कोर्टाची पायरी

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे ऐकतच आपली मुले मोठी होतात. उरलेले कोर्ट त्यांना सिनेमा दाखवतो. हातोडा आपटणारे न्यायाधीश, गीतेवर ठेवलेला हात आणि टाळ्या घेणारा वकील! पण पायरी चढायची की नाही, हे नेहमीच आपल्या हातात नसते. डोळ्यांदेखत झालेला अपघात, शेजारची मारामारी किंवा आईवडिलांचा घटस्फोट, कशामुळेही दहा वर्षांच्या मुलाला न्यायाधीशांसमोर उभे राहावे लागू शकते. तिथले सगळेच अनोळखी असेल, तर खरे सांगणाऱ्याच्याही तोंडून शब्द फुटत नाही. त्यापेक्षा शाळेला सुटी पण कोर्ट चालू, असा एखादा दिवस गाठून मुलांना तिथे नेऊन आणलेले बरे.

जाता येते का? येते. आपली न्यायालये कायद्यानेच खुली आहेत. जागा असेल तोवर कोणीही मागच्या बाकावर बसावे. न्यायाधीशांनी बाहेर जायला सांगितले, तर मात्र मुकाट्याने उठावे.

समजा, सहावीतली एक मुलगी आत्याचे बोट धरून तालुक्याच्या कोर्टात गेली. दाराशी 'बोर्ड' लावलेला असतो, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी. पट्टेवाला नावाचा पुकारा करतो, पक्षकार लगबगीने आत येतात आणि दोन मिनिटांत पुढची तारीख घेऊन परत जातात. "आत्या, हे नुसतेच येऊन का गेले?" असा प्रश्न येणारच. तो टाळू नये. २०२४ साली देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे पडून होती, हेही तिला कळू द्यावे.

दुसरा प्रश्न ठरलेला. "हातोडा कुठंय?" हातोडा नाहीच! आपल्याकडील न्यायाधीश तो वापरत नाहीत. उंचावर न्यायाधीश, त्यांच्या पुढ्यात खाली बेंच क्लार्क. साक्षीदार पिंजऱ्यात येतो, पण गीता कोणी आणत नाही. १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे ईश्वराची शपथ घ्यावी किंवा नुसती प्रतिज्ञा करावी. मग ज्या बाजूने त्याला बोलावले, तिचा वकील सरतपास घेतो आणि समोरचा वकील उलटतपास. महाराष्ट्रात १९९८ पासून खालच्या न्यायालयांची भाषा मराठी असल्याने बरेचसे मुलांना समजते. इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांतील मुलांना तिथे हिंदी वा गुजराती ऐकायला मिळेल.

उलटतपास मात्र नीट ऐकवावा. साक्षीदार 'आठवत नाही', 'मला माहीत नाही' असे सांगतो आणि न्यायाधीश तेही लिहून घेतात. शाळेत प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायची सवय लागलेल्या मुलांना हे नवेच असते. घाबरलेले मूल मोठ्यांना बरे वाटेल ते सांगून टाकते, आणि साक्ष बिघडते ती तिथेच.

साक्षीला किमान वयाची अट नाही. प्रश्न कळावा आणि समजेल असे उत्तर देता यावे, एवढेच. ते पाहण्यासाठी न्यायाधीश आधी साधे प्रश्न विचारतात. खरे बोलायचे हे कळते पण शपथेचा अर्थ कळत नाही, अशा बारा वर्षांखालील मुलाची साक्ष शपथेविनाही चालते.

काही दारे बंद असतात, तीही मुलांसाठीच. लैंगिक अत्याचाराचे खटले २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली बंद दाराआड चालतात. तिथे वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत, ते न्यायाधीशांमार्फतच जातात. मूल आरोपीच्या नजरेला पडणार नाही, अशी व्यवस्था करावी लागते. ताब्याच्या वादात तर न्यायाधीश पुष्कळदा मुलाला आपल्या दालनात बोलावून घेतात. समजत्या वयाच्या मुलाची पसंती ते विचारात घेऊ शकतात, पण निर्णय त्यांचा. 'आई हवी की बाबा' याचे ओझे मुलावर टाकणाऱ्या नातेवाइकांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

जाताना मोबाइल बंद ठेवावा, फोटो काढू नयेत. आवारात विधी सेवा समितीचे कार्यालय असेल, तर परतताना तेही दाखवावे. स्त्रिया आणि मुलांना, घरचे उत्पन्न कितीही असो, तिथून मोफत वकील मिळतो.