सातव्या महिन्यातले मूल

१९६५ च्या सुमारास आमच्या डोंबिवलीच्या चाळीत ऐन भाद्रपदात एक लग्न झाले. चातुर्मासात, पितृपक्ष तोंडावर आलेला असताना, वाजंत्रीवाचून काढीव मुहूर्तावर लागलेल्या त्या लग्नाचे कारण मोठ्यांनी अक्षता टाकतानाच ओळखले होते. पुढे बारशाला पाळण्याभोवतीच्या बायका पदराआड बोटांची पेरे मोजू लागल्या, तेव्हा मुलीची आई, कोणी विचारले नसताना, ‘सातव्या महिन्यातच झालं हो’ असे पुन्हापुन्हा सांगत होती. तिचा तो केविलवाणा स्वर अजून कानांत आहे.

ही घाई फार प्राचीन नव्हे. न्हाण येण्यापूर्वीच मुली उजवल्या जात त्या काळी, निदान पांढरपेशा वर्गात, कुमारिकेला दिवस जाण्याचा प्रसंग विरळा. आपत्ती कोसळे ती बालविधवेवर, आणि १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहाची मुभा दिली तरी समाजाने ती न दिल्यामुळे तिला घाईच्या लग्नाचाही आसरा नव्हता. जोतीराव फुल्यांना १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले ते यामुळेच. सारडा कायद्याने १९३० पासून मुलीचे विवाहवय १४ वर्षे ठरवले, १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ झाले, आणि कॉलेज, नोकरी, लोकलचा प्रवास यांनी वयात येणे व लग्न यांमधले अंतर आणखी वाढवले; त्या अंतरातच ही लग्ने जन्मली. याच जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर मात्र आधी संसार थाटून, पैसा जमल्यावर, प्रसंगी मुलाबाळांसमक्ष लग्न लावण्याची रीत होती, आणि तीत कोणास कमीपणा वाटत नसे.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस दफ्तरी लागते, म्हणून घाई असलेली माणसे नोंदणीऐवजी वैदिक विधीचाच आश्रय घेत. १ एप्रिल १९७२ पासून गर्भपाताचा कायदा अमलात आला; पण गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याची सबब त्यात विवाहितेपुरतीच होती, आणि ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ हा शब्द येण्यास २०२१ उजाडावे लागले. २०१२ च्या पॉक्सो कायद्यामुळे मुलगी अठराच्या आतली असेल तर डॉक्टरला वर्दी द्यावीच लागते. मंगळसूत्र घालून अल्पवयीन मुलीशी संबंधाचा अपराध झाकता येत नाही. ज्या घरांना हे ठाऊक नसते, तिथे अजूनही आधी भटजी शोधला जातो, आणि याचे मला फार दुःख होते.

कारण भाद्रपदातल्या त्या वधूला कोणी काही विचारलेच नव्हते. अब्रू घराण्याची, मुदत पोटाची, निर्णय वडीलधाऱ्यांचा. गेल्या वर्षी कल्याणातल्या एका परिचित घरी तोच प्रसंग उद्भवला, तेव्हा पंचांग काढणाऱ्या आजोबांना थांबवून आईने आधी मुलीला जवळ बसवले आणि विचारले, ‘तुला हा मुलगा नवरा म्हणून हवाय का?’


मुलगी बराच वेळ गप्प राहिली, आणि कोणीही तिला घाई केली नाही.