हृदयविकाराने पत्ता बदलला

जुन्या हिंदी सिनेमांत आणि मराठी नाटकांत हार्ट ॲटॅक यायचा तो बंगलेवाल्याला. अंगात रेशमी गाऊन, हातात टेलिफोनचा रिसीव्हर. गिरणीला आग लागल्याची नाहीतर मुलगी पळून गेल्याची बातमी येणार आणि शेठजी छातीला हात लावून कोसळणार. चाळीतला माणूस मरायचा तो खोकून खोकून, क्षयाने. पटकथा लिहिणारे काही वैद्यक शिकलेले नव्हते, पण त्यांचा समज त्या काळच्या डॉक्टरांहून फार वेगळाही नव्हता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधले डॉक्टरसुद्धा या दुखण्याला साहेबलोकांचं दुखणंच मानत होते.

आज चित्र पालटलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ साली जगात १ कोटी ७९ लाख माणसं हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी गेली. त्या वर्षीच्या दर तीन मृत्यूंमागे जवळपास एक. यातले तीन चतुर्थांशाहून अधिक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते. माणसंच तिकडे जास्त राहतात, हे त्याचं एक कारण झालंच. पण तेवढ्याने हिशेब लागत नाही.

तो लावायचं ज्यांनी मनावर घेतलं त्यांत डॉ. सलीम युसूफ यांचं नाव आधी घ्यावं लागेल. मूळचे केरळचे, वैद्यकीचं शिक्षण बंगळूरच्या सेंट जॉन्समध्ये, पुढे ऑक्सफर्ड, आणि मग कॅनडातलं मॅकमास्टर विद्यापीठ. त्यांच्या पुढाकाराने ‘प्युअर’ नावाचा एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. १७ देश, ६२८ गावं आणि शहरी वस्त्या, दीड लाखाहून अधिक माणसं. प्रत्येकाचं बीपी मोजलं, पोटाच्या घेराला टेप लावली, बिडी-सिगारेट, खाणं, चालणं, मधुमेह, मनावरचा ताण अशी सगळी चौकशी केली आणि त्यावरून प्रत्येकाला गुण दिले. गुण जितके जास्त, तितका हृदयाला धोका जास्त. मग सरासरी चार वर्षं या माणसांवर लक्ष ठेवलं. कुणाला ॲटॅक आला, कुणाला अर्धांगवायू झाला, कोण वाचलं, कोण गेलं.

२०१४ साली निकाल छापून आला. धोक्याचे गुण सर्वांत जास्त होते कॅनडा, स्वीडन, संयुक्त अरब अमिराती या श्रीमंत देशांत. सर्वांत कमी होते भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि झिम्बाब्वे या गरीब गटात. इथवर सिनेमातले शेठजी बरोबरच ठरतात. पण प्रत्यक्षात किती जणांना गाठलं हे पाहिलं, तर क्रम बरोबर उलटा. श्रीमंत देशांत वर्षाला हजार माणसांमागे ३.९९ जणांना ॲटॅक, अर्धांगवायू किंवा तसाच गंभीर प्रसंग आला. मधल्या देशांत ५.३८ जणांना. गरीब देशांत ६.४३ जणांना. आणि अशा प्रसंगानंतर दगावण्याचं प्रमाण श्रीमंत देशांत १०० मध्ये ६.५, तर गरीब देशांत १७.३. म्हणजे तिकडे पंधरातला एक जातो, इकडे सहातला एक.

गरीब आणि मधल्या देशांच्या आतही हीच तऱ्हा निघाली. धोक्याचे गुण शहरात जास्त, पण मरणाचं प्रमाण खेड्यात जास्त. मोकळी हवा, कष्टाचं काम, घरची भाकरी, म्हणून गावाकडचा माणूस ठणठणीत, असं आपण शहरात बसून सहज म्हणतो. या अभ्यासापुढे ते टिकत नाही.

असं का व्हावं? पहिलं उत्तर औषधांत सापडतं. ज्यांना एकदा ॲटॅक किंवा अर्धांगवायू येऊन गेलाय त्यांना पुन्हा येऊ नये म्हणून चार प्रकारच्या गोळ्या जगभर दिल्या जातात. रक्ताची गुठळी होऊ न देणारी ॲस्पिरिनसारखी गोळी, हृदयाची धडधड आवरणारी बीटा ब्लॉकर, बीपीची आणि कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन. यातली एकही आज नवलाईची राहिलेली नाही, सगळ्यांच्या स्वस्त जेनेरिक आवृत्त्या मिळतात. तरी ‘प्युअर’च्याच २०११ सालच्या पाहणीत गरीब देशांतल्या अशा १०० रुग्णांपैकी ८० जण चारांपैकी एकही गोळी घेत नव्हते. श्रीमंत देशांत असे ११ होते.

भारताची गोष्ट यात थोडी निराळी आहे, आणि मला ती जास्त टोचते. औषधं बनवण्यात आपण जगाला पुरे पडतो. त्यामुळे २०१६ च्या पाहणीत भारतातल्या ८९ टक्के शहरी आणि ८१ टक्के ग्रामीण वस्त्यांत या चारही गोळ्या मिळत होत्या. इतर गरीब देशांतल्या खेड्यांत हे प्रमाण जेमतेम ३ टक्के होतं. पण घरातला किराणा भरल्यावर जे पैसे उरतात, त्यातला पाचवा हिस्सा जरी या गोळ्यांवर जाणार असेल तर त्या परवडत नाहीत असं धरलं, तेव्हा भारतातल्या जवळपास ६० टक्के घरांना त्या परवडत नव्हत्या. गोळी दुकानात आहे, खिशात नाही. मग महिन्याची पट्टी दोन महिने पुरवली जाते. बरं वाटायला लागलं की पहिली बंद होते ती बीपीची गोळी, कारण ती न घेतल्याने त्या दिवशी काहीच दुखत नाही.

गरिबी माणसाला मारते ती नेमकी कशी, हे ‘क्रिएट’ या भारतीय अभ्यासाने जितकं स्वच्छ दाखवलं तितकं दुसऱ्या कुणी दाखवल्याचं मला आठवत नाही. ५० शहरांतली ८९ रुग्णालयं आणि ॲटॅक किंवा तशाच तीव्र दुखण्याने दाखल झालेले २०,४६८ रुग्ण यांची त्यात नोंद होती. निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. महिन्याभरात दगावण्याचं प्रमाण श्रीमंत रुग्णांत ५.५ टक्के, गरिबांत ८.२ टक्के. संशोधकांनी आधी वय, व्यसन, मधुमेह वगैरेंचा फरक हिशेबातून वजा करून पाहिला. तफावत तशीच राहिली. मग कुणाला कोणते उपचार मिळाले तो फरक वजा केला आणि तफावत नाहीशी झाली. गरीब रुग्णाचं हृदय मुळात जास्त बिघडलेलं होतं अशातला भाग नव्हता. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, अँजिओप्लास्टी, पुढच्या गोळ्या, हे सगळं त्याच्या वाट्याला कमी आलं होतं.

त्याच नोंदींत आणखी एक गोष्ट होती. दुखायला लागल्यापासून रुग्णालयाच्या दारात पोचेपर्यंत पाच-सहा तास जाणं, ही सर्वसाधारण बाब होती. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळेनासं झालं की तो मिनिटागणिक मरू लागतो. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा खरा उपयोग पहिल्या काही तासांत. हे तास आपल्याकडे ‘गॅस झाला असेल’, ‘वातविकार असेल’, ‘सकाळी बघू’ यात जातात. मग गाडी शोधण्यात. मग पहिल्या दवाखान्यातून दुसऱ्याकडे पाठवण्यात. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना १९५५ साली डेन्व्हरला ॲटॅक आला, तेव्हाही लोकांना सुरुवातीला ‘पोट बिघडलंय’ असंच सांगितलं गेलं होतं. त्यांच्या दिमतीला डॉक्टर होते आणि लष्करी इस्पितळ होतं, म्हणून निभावलं. तमिळनाडूने लहान रुग्णालयं मोठ्यांना जोडून असे रुग्ण तातडीने पुढे धाडण्याचा प्रयोग केला, तर वर्षभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आलं. औषध नवं नव्हतं, फक्त असलेले उपचार जास्त जणांपर्यंत पोचले होते.

मग जीवनशैली, आहार, व्यायाम हे सगळं थोतांड समजायचं का? मुळीच नाही. व्यायामाचं महत्त्व पटवणारा पहिला भक्कम पुरावा लंडनच्या दुमजली बसमधून आला. डॉ. जेरी मॉरिस यांनी सुमारे ३१ हजार बस आणि ट्राम कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. ड्रायव्हर आणि कंडक्टर म्हणजे एकाच थरातली, सारख्या घरांत राहणारी माणसं. फरक एवढाच, की ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि कंडक्टर दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढणार. १९५३ साली छापलेल्या या अभ्यासात ड्रायव्हरना हृदयविकार जास्त आढळला आणि ॲटॅक आला की ते तडकाफडकी जाण्याचं प्रमाणही जास्त होतं. मॉरिस मोठा चिकित्सक माणूस. पुढे त्यांनी गणवेश शिवणाऱ्यांकडची मापंही काढली. ड्रायव्हरच्या पँटचा कंबरघेर पहिल्यापासूनच जास्त निघाला. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येईना, हेही त्यांनीच मांडलं.

कष्टाचं काम पुरेसं नाही, हे तर फिनलंडच्या लाकूडतोड्यांनी सिद्ध केलं. पूर्व फिनलंडमधल्या उत्तर करेलिया प्रांतातली ही माणसं कडाक्याच्या थंडीत झाडं तोडत. अंगावर चरबी नावाला नाही, आणि तरी पन्नाशीच्या आत पटापट मरत. ब्रेडवर लोण्याचा जाड थर, प्रत्येक जेवणात साईचं दूध, मिठाचा मारा, आणि वर सिगारेट. १९७२ साली पेक्का पुस्का हा सत्तावीस वर्षांचा डॉक्टर तिथे कामाला लागला. त्याने नुसती पत्रकं वाटली नाहीत. ‘मार्था’ या गृहिणींच्या संघटनेला हाताशी धरून गावोगाव स्वयंपाकाच्या सभा घेतल्या. सॉसेज बनवणाऱ्याला थोडी चरबी काढून मशरूम घालायला लावले. दुधावर जगणाऱ्या शेतकऱ्यांना बेरीच्या लागवडीकडे वळवलं. सरकारने तंबाखूच्या जाहिराती बंद केल्या. चाळीस वर्षांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. ‘जीवनशैली बदला’ हा सल्ला आपल्याकडे सकाळच्या फॉरवर्डसारखा फुकट वाटला जातो. करेलियात तो बाजार, शेती आणि कायदा बदलून अमलात आणला गेला.

पैसा आला की हृदय सुधारतं किंवा बिघडतं, असं सरळ गणित कुठेच बसत नाही. बोलिव्हियातल्या त्सिमाने या आदिवासींकडे पैसा जवळपास नाहीच. २०१७ साली छापून आलेल्या एका अभ्यासासाठी त्यांच्यातल्या ७०५ प्रौढांच्या छातीचं सीटी स्कॅन केलं, तर ८५ टक्के लोकांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियमचा, म्हणजे धमन्या बिघडल्याच्या खुणेचा, ठिपकाही नव्हता. शिकार, मासेमारी, शेती, आणि दिवसाला १६-१७ हजार पावलं चालणं. अर्थात जंतुसंसर्गाने त्यांना जे भोगावं लागतं, ते पाहता कुणी त्यांचा हेवा करू नये. उलट टोकाला लंडनचं व्हाइटहॉल. सरकारी कचेरी, कुणीच उपाशी नाही, सगळ्यांना पेन्शन आणि सगळ्यांना मोफत उपचार. तरी १९६७ पासून तिथल्या १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांचा मागोवा घेतला तेव्हा सर्वांत खालच्या श्रेणीतले शिपाई वरच्या साहेबांच्या साडेतीन पटीहून जास्त प्रमाणात हृदयविकाराने मेले. सिगारेट आणि बीपी हिशेबात धरूनही या तफावतीतला मोठा भाग उलगडला नाही. ज्याला स्वतःच्या दिवसावर काही ताबाच नाही त्याचं शरीर झिजतं, असं या अभ्यासातले डॉ. मायकेल मार्मट यांचं म्हणणं. ‘प्युअर’मध्येही गरीब देशांत कमी शिकलेल्यांना असा गंभीर प्रसंग येण्याचं प्रमाण जास्त शिकलेल्यांच्या दुपटीहून अधिक निघालं.

आपल्या बाबतीत आणखी एक पेच आहे आणि तो पुण्यात सापडला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघे सडपातळ. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, नेमका २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण बारीक दिसतो, पण आतून तसे नसतो. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली साडेतीन किलोंची. ही कमी वजनाची बाळं स्नायूंनी बारीक होती, चरबी मात्र त्यांनी राखून ठेवली होती. आईच्या पोटात अपुऱ्या पोषणावर वाढलेलं शरीर काटकसरीला तयार होतं, आणि पुढे त्याच्यापुढे वडापाव, फरसाण, कोल्ड्रिंक आणि खुर्चीतली नोकरी येते. इंग्लंडमध्ये डॉ. डेव्हिड बार्कर यांना हेच धागेदोरे हर्टफर्डशायरच्या सुईणींच्या जुन्या वह्यांत सापडले होते. जन्मतः आणि पहिल्या वर्षी ज्यांचं वजन सर्वांत कमी, ते पुढे हृदयविकाराने सर्वांत जास्त गेले. म्हणजे एकाच आयुष्यात गरिबीतून सुबत्तेत आलेला माणूस दोन्हीकडून मार खातो. महाराष्ट्रात आज चाळीस-पन्नाशीत असलेल्या कितीतरी जणांची गोष्ट हीच आहे. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला ॲटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरांना ५९ च्या आसपास, हे पाहिलं की या गोष्टीचं गांभीर्य कळतं.

म्हणून माझं मत असं, की मोठ्या शहरात आणखी एक कॅथलॅब उघडण्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीची गोळी महिन्याच्या महिन्याला न चुकता मिळणं जास्त जीव वाचवेल. उच्च रक्तदाबासाठी देशात जो कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, एका वेळी महिनाभराच्या, आणि रुग्ण फिरकला नाही तर त्याला निरोप, एवढीच त्याची रीत.

तुमची तिशी उलटली असेल, तर जवळच्या सरकारी केंद्रात बीपी आणि शुगर मोफत तपासून मिळते. एकदा जाऊन या, आणि घरी काम करणाऱ्या ताईंना, गाडी चालवणाऱ्या दादांनाही पाठवा. छातीत दाब आला, घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर सोडा पिऊन वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा आणि जिथे ईसीजी निघतो अशा ठिकाणी पोचा.