प्लास्टरमधला हात आणि मेंदू

पावसाळ्यात तुंगार्ली धरणावरून राजमाचीकडे जाणाऱ्या वाटेवर पाय सटकणं नवं नाही. घसरताना माणूस हात टेकतो आणि मनगट मोडतं. डोंगरात कुणी अडकलं, की लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’चे कार्यकर्ते स्ट्रेचर घेऊन धावतात. पुढे एक्स-रे, सूज उतरेपर्यंत कच्चं प्लास्टर, मग पक्कं, आणि ‘दीड महिन्याने या’. हाडाची काळजी चोख घेतली जाते. मात्र त्या दीड महिन्यात मेंदूत काय होतं, हे रुग्णाला सहसा कुणी सांगत नाही.

प्लास्टर कापलं की आतला हात बारीक झालेला दिसतो, कातडीचे पापुद्रे निघत असतात. पाण्याचा पेला उचलायला जावं तर बोटं थरथरतात. स्नायू रोडावला, सांधा आखडला, हे खरंच. पण स्नायू जितका रोडावतो त्याहून ताकद कितीतरी जास्त जाते. या घटीचा मोठा वाटा मेंदूकडून स्नायूला जाणाऱ्या हुकमातला असतो; तो हुकूमच क्षीण होतो.

आणि हे फार लवकर घडतं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी उजवा हात जायबंदी झालेल्या 10 जणांचे मेंदू तपासले. साधारण दोन आठवड्यांत त्या हाताचं नियंत्रण करणाऱ्या डाव्या बाजूच्या भागाची जाडी कमी झाली होती. उलट, धडधाकट डाव्या हातावर कामाचा भार आल्याने मेंदूची उजवी बाजू वाढली होती. हा अभ्यास 2012चा. अमेरिकेतले मेंदूतज्ज्ञ निको डोसेनबाख यांनी तर स्वतःच्या चांगल्या हाताला दोन आठवडे गुलाबी प्लास्टर घालून रोज मेंदूचा एमआरआय काढून घेतला. अशा प्रयोगांत 48 तासांच्या आतच त्या हाताचा मेंदूतला भाग आपल्या जोडीदार भागांपासून तुटू लागला. दिलासा एवढाच, की प्लास्टर निघाल्यावर हे बदल मागे फिरतात.

मग मेंदूला बाहेरून चालना दिली तर? 1985मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर तारेचं वेटोळं धरून चुंबकीय झटका दिला आणि माणसाचा हात आपोआप हलला. कवटी उघडावी लागली नाही, फारसं दुखलंही नाही. हेच तंत्र आज नैराश्यावर वापरलं जातं. ब्रिटनच्याच लँकेस्टर विद्यापीठाने ते जखडलेल्या हातासाठी आजमावलं. 24 निरोगी तरुणांचा एक हात 72 तास बांधून ठेवला. निम्म्यांना रोज खरे झटके, निम्म्यांना खोटे. पहिल्या दिवशी झटक्यांनी मेंदू थोडा तरतरीत झाला खरा, पण तीन दिवसांनी पकडीची ताकद सुमारे 22 टक्क्यांनी घटलीच. 2021मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. उद्या कुणी ‘प्लास्टरमध्ये मेंदूला मशीन लावून घ्या’ असं पॅकेज विकायला आलं, तर तो आठवावा. झटक्यांची मात्रा, वेळ, दिवस बदलून पुढे यश मिळेलही. आज ते हाती नाही.

हाती आहे ते फुकटचं आहे. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात ब्रायन क्लार्क यांनी 29 जणांचं मनगट चार आठवडे जखडलं. त्यातल्या काहींनी आठवड्यातून पाच दिवस, स्नायू जराही न हलवता, मनगट पूर्ण जोराने वाकवतोय अशी कल्पना केली: पाच सेकंद जोर, पाच सेकंद विश्रांती. नुसत्या प्लास्टरवाल्यांची ताकद 45 टक्क्यांनी घटली, कल्पना करणाऱ्यांची 24 टक्क्यांनी. म्हणजे नुकसान जवळजवळ निम्मं! डोक्यावर वेटोळं नाही, वीज नाही, तरी आतून मेंदू कामाला लागला.

म्हणून प्लास्टर घालतानाच डॉक्टरांना विचारावं, बाहेर राहिलेली बोटं, कोपर, खांदा किती आणि कधीपासून हलवायचा. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा वेदना वाढतच गेली, तर दीड महिना थांबू नये, तडक दवाखाना गाठावा. उरलेल्या वेळात डोळे मिटून बांधलेल्या हाताने पिळे पिळावेत, कणीक मळावी, बादली उचलावी, सगळं मनातल्या मनात. हाड जुळायच्या आत खरा जोर मात्र लावू नये.

योगाभ्यास उपकरणांनी मोजता यावा म्हणून स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभारलं. मन एकाग्र करायला शिकवणारी माणसं आणि मनगट मोडलेले रुग्ण, दोन्ही या गावात आहेत. पकड मोजायचं एक साधं यंत्र मिळालं, तर क्लार्क यांचा प्रयोग खऱ्या फ्रॅक्चरवर इथेच करून पाहता येईल. तो व्हावा असं मला मनापासून वाटतं.